जप्त केलेल्या गिबनच्या पिल्लाचं पुढे काय होतं? : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
वन्यजीव विभाग,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली

(प्रत : केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरो, सीमाशुल्क विभाग, आणि विमानतळावरच्या जप्तीची बातमी वाचून ‘बरं झालं, वाचलं बिचारं’ म्हणणारे आपण सगळे)

महोदय,
स.न.वि.वि.

मी पशुवैद्य आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, ठाण्यात छोटा दवाखाना चालवते. कुत्र्यांच्या गोचिडी, मांजरांचे मुतखडे आणि त्यांच्या मालकांची समजूत यात दिवस जातो. अपवाद २०१८ सालातल्या सात महिन्यांचा. तेव्हा दवाखाना मैत्रिणीवर सोपवून मी पश्चिम सुमात्रातल्या गिबनांच्या एका पुनर्वसन केंद्रात काम करून आले. ही गोष्ट चार लोकांना माहीत असल्यामुळेच पुढे एकदा रात्री साडेअकराला मला फोन आला. एका विमानतळावर एका प्रवाशाच्या ट्रॉली बॅगेत ‘काळं माकड’ सापडलंय, जिवंत आहे, पण हलत नाही, याल का? विमानतळ कुठला ते मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट त्यांतल्या एका शिपायानं स्वतःच्या डब्यातली मऊ पोळी दुधात कुस्करून त्याला भरवायचा प्रयत्न केला होता. चुकीचंच होतं ते, पण मायेनं केलेलं होतं.

ते माकड नव्हतं. शेपूट नव्हती, हात पायांपेक्षा लांब होते, आणि पायाची दुसरी-तिसरी बोटं कातड्यानं एकमेकांना जोडलेली होती. म्हणजे सियामंग, गिबनांमधला सगळ्यांत मोठा. गिबन हे गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांचे नातेवाईक, बिनशेपटीचे कपी. त्यांच्या जगात वीस जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्याच धोक्यात आहेत. या पिल्लाचं वय दोन-तीन महिन्यांचं असावं. पाऊण किलोसुद्धा भरलं नाही. अंग गार पडलेलं, डोळे खोल गेलेले. मी गरम पाण्याच्या पिशवीला पंचा गुंडाळून वळकटी केली आणि त्याच्या छातीशी धरली. इतका वेळ निपचित पडलेल्या त्या जिवानं चारही हातापायांनी तिला मिठी मारली. (गिबनचं पिल्लू पहिले काही महिने आईच्या पोटाला चोवीस तास बिलगून असतं, आई फांद्यांवरून झेपा घेत असतानाही.) सकाळपर्यंत त्यानं थेंब थेंब करत दूध घेतलं. दुपारी पहिल्यांदा आवाज काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुकूम आला : ज्या विमान कंपनीनं आणलं तिच्याच विमानानं परत पाठवा. मी हो-नाही करेपर्यंत पेटी तयार झाली. पंचाची वळकटी मी आत ठेवू दिली, एवढंच माझ्या हातात राहिलं. मी त्याला पाहिल्यापासून पेटी बंद होईपर्यंत एकतीस तास झाले होते. विमान बँकॉकला जाणार होतं.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न मात्र केला. माहिती अधिकारात दोन अर्ज केले. एका कार्यालयानं ‘माहिती उपलब्ध नाही’ असं कळवलं. दुसऱ्यानं ‘संबंधित विमान कंपनीकडे विचारणा करावी’ असं सुचवलं. विमान कंपनीच्या उत्तरात माझ्या तिकिटाचा क्रमांक विचारला होता.

हे पत्र त्या एका पिल्लासाठी लिहीत असते तर मी केव्हाच थांबले असते. पण दर काही आठवड्यांनी तशीच बातमी येते. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस मुंबई सीमाशुल्क विभागानं मलेशियाहून थायलंडमार्गे आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत दोन रुपेरी गिबनांची पिल्लं पकडली. एक मेलेलं होतं. दुसरं जिवंत होतं, त्याचं चित्र जगभर गेलं. रुपेरी गिबन जगात फक्त जावा बेटावर आहे आणि तिथेही काही हजारच उरले आहेत. ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं थायलंड-भारत हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत पकडलेल्या प्राण्यांची संख्या सात हजारांवर दिली आहे. पकडणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण पकडल्यानंतर या जिवांचं आपण काय करतो, ते आता सार्वजनिकरीत्या विचारायची वेळ आली आहे, म्हणून या तक्रारी.

पहिली तक्रार ‘परत पाठवणे’ या शब्दाबद्दल. बॅग ज्या शहरातून आली तिथे प्राणी धाडणं म्हणजे त्याला घरी पोचवणं, असं आपण गृहीत धरलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ७८ प्राणी सापडले. त्यांत कापुचिन माकडं होती, सहाही मेलेली. कापुचिन दक्षिण अमेरिकेतलं. सोबतचे बॉल पायथॉन आफ्रिकेतले. बँकॉक हा या धंद्यातला बाजार आहे, तिथलं जंगल या प्राण्यांचं नाही. जावातला गिबन बँकॉकला पाठवणं म्हणजे दादरहून हरवलेलं मूल इगतपुरीला सापडलं, म्हणून ज्या गाडीत सापडलं त्या गाडीच्या सुरुवातीच्या स्टेशनवर, पाटण्याला, नेऊन सोडण्यासारखं आहे. सियामंगचं म्हणाल तर तो सुमात्रात, मलेशियाच्या द्वीपकल्पात आणि थायलंडच्या अगदी दक्षिण टोकाला राहतो. माझं पिल्लू यांतल्या कुठल्या जंगलातलं, ते रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून शोधता आलं असतं. त्यासाठी आधी कुणीतरी नमुना घ्यायला हवा होता.

कायदा काय सांगतो? वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ करारात भारत १९७६ पासून आहे. त्या कराराचं आठवं कलम म्हणतं की जप्त झालेला जिवंत प्राणी आधी जप्ती झालेल्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाच्या हवाली करायचा. प्राधिकरणानं निर्यात करणाऱ्या देशाशी सल्लामसलत करायची, आणि मग त्या देशाच्या खर्चानं परत पाठवायचं, किंवा बचाव केंद्रात अथवा योग्य वाटेल अशा दुसऱ्या ठिकाणी ठेवायचं. ‘निर्यात करणारा देश’ या शब्दांत पळवाट आहे, हे मला कळतं. पण ‘सल्लामसलत’ हा शब्दही त्याच वाक्यात आहे. एकतीस तासांत, त्यातही एक रविवार धरून, कुणाची कुणाशी कसली सल्लामसलत झाली असेल? शिवाय २०२२च्या दुरुस्तीनंतर साइटिसमधल्या जाती आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आल्या आहेत. म्हणजे जावातला गिबन आता भारतीय कायद्यालाही परका नाही.

दुसरी तक्रार घाईची आहे. ती जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच लोकांचा सगळ्यांत मोठा गैरसमज असतो. ‘सोडा की जंगलात, त्यात काय!’ हे वाक्य मी आजवर निदान शंभर वेळा ऐकलं असेल.

सुमात्रातल्या आमच्या केंद्रात नवं पिल्लू आलं की आधी संगरोध, म्हणजे बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या माणसाच्या हाती. क्षयाची चाचणी, हिपॅटायटिस बीची चाचणी, नागिणीच्या विषाणूंची चाचणी, जंतांसाठी शेण तपासणं. गिबन आपल्या इतके जवळचे आहेत की आपले रोग त्यांना लागतात. माणसाच्या ओठावर येणारा साधा ताप-फोड गिबनच्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. बाजारात विकलेलं पिल्लू किती हातांतून फिरून आलेलं असतं, किती जणांनी त्याला तोंडाजवळ धरून फोटो काढलेले असतात! अशा पिल्लाला न तपासता दुसऱ्या विमानात घालणं म्हणजे तो रोग पुढच्या केंद्रात पोचवणं, आणि तिथून कदाचित जंगलात. दहा वाचवायला जाऊन शंभर आजारी पाडायचे, असला हा प्रकार.

संगरोध संपला की खरं काम सुरू होतं. जंगलात गिबनचं पिल्लू दोनेक वर्षं आईच्या दुधावर असतं. सियामंगांमध्ये दुसऱ्या वर्षी बाप त्याला पाठीपोटावर घेऊन फिरतो. पुढे सहा-आठ वर्षांचं होईपर्यंत ते घरच्यांत राहतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली कोवळी पानं खायची, कुठली फांदी भार सोसत नाही, सगळं तिथेच शिकतं. हे सगळं माणसानं शिकवायचं, तेही माणसाची सवय न लावता! आमच्याकडे पिल्लांशी बोलायला बंदी होती. हसायलाही. पहिल्या महिन्यात मला ते क्रूर वाटलं. नंतर एक मोठी नर-सियामंग पाहिली, म्हणजे नर पाहिला (तिथे सगळे त्याला ‘काकू’ म्हणत, म्हणून माझी अजून गफलत होते). तो बारा वर्षं एका घरात साखळीला होता. माणूस दिसला की हात पुढे करायचा आणि दुसरा सियामंग दिसला की कोपऱ्यात तोंड लपवायचा. तो कधीच जंगलात जाणार नव्हता. तेव्हा बंदीचं कारण कळलं.

मग जोडी जमवणं. गिबन जोडीनं राहतात आणि जोडीनं गातात. सकाळी नर-मादी मिळून गातात ते गाणं म्हणजे त्यांचा सातबारा असतो : हे झाड आमचं, हा डोंगरउतार आमचा. सियामंगच्या गळ्याखाली हवेची पिशवी असते, ती फुगवून काढलेला आवाज दोन-तीन किलोमीटरवर ऐकू येतो. बंदिवासात वाढलेल्या दोन प्राण्यांना शेजारी ठेवलं म्हणून ते गातील असं नाही. महिनोन्‌महिने एकमेकांकडे पाठ करून बसतात. आम्ही एका जोडीची पाच महिने वाट पाहत होतो. एका पहाटे मादीनं सुरुवात केली, नरानं दोन-तीनदा चुकीच्या जागी साथ दिली, मग जमलं. केंद्रातला म्हातारा राखणदार चहाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. गाणारी जोडी मग जंगलातल्या मोठ्या पिंजऱ्यात, तिथे काही महिने, मग दार उघडायचं आणि पुढचं वर्षभर रोज मागे फिरायचं. यात चार वर्षं जातात, कधी आठ. पुष्कळांच्या नशिबी जंगल येतच नाही.

हे काही गुपित ज्ञान नाही. गिबनांचं पुनर्वसन कसं करावं, याची मार्गदर्शक तत्त्वं आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१५ साली छापली आहेत. जप्त जिवंत प्राण्यांबद्दलची २०१९ साली. दोन्ही फुकट मिळतात. त्यात ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत परतीच्या विमानात बसवावे’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरी तक्रार छोटी आहे. पाठवलेल्या प्राण्याचा पुढचा माग ठेवला जात असेल, तर तो लोकांना दिसत नाही. बॅगेतून बाहेर काढतानाचं चित्र प्रसिद्ध होतं, पोचल्याचं कधीच होत नाही. पार्सल पाठवलं तरी आपण पोचपावती मागतो.

चौथी. ज्या प्रवाशाच्या हातात बॅग असते तो बहुतेकदा हमाल असतो, तिकीट आणि थोडे पैसे यांच्या बदल्यात बॅग वाहणारा. माल मागवणारा इथेच, आपल्या शहरांत बसलेला असतो. गिबनचं पिल्लू लाखो रुपये मोजून कोण घेतं? मुंबई-पुण्यात ‘एक्झॉटिक’ प्राणी पाळायची हौस गेल्या दहा-पंधरा वर्षांत कशी वाढली, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मला स्वतःला दोनदा फोनवर ‘छोटं एप आहे, लसीकरण करून द्याल का, बिल नको’ असं विचारलं गेलं आहे. दोन्ही वेळा मी पत्ता विचारला, दोन्ही वेळा फोन बंद झाला. पिल्लू हा त्या साखळीतला पुरावा असतो. त्याचा डीएनए, त्याच्या पोटातलं अन्न, अंगावरची माती, त्याचं वय, यांवरून ते कुठून आणि कसं निघालं याचा अंदाज बांधता येतो. आपण पुराव्याला विमानात बसवून देतो आणि हमालावर खटला चालवतो.

इथे जून २०२०ची आपल्याच मंत्रालयाची सूचना आठवते. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करावं, त्यांच्याकडे कागदपत्रं मागितली जाणार नाहीत, अशी ती सवलत होती. हेतू मोजदादीचा होता, मान्य. पण तिचा दुसरा अर्थ बाजारानं लगेच ओळखला : आत आणा, जाहीर करा, झालं आपलं. २०२४च्या नोंदणी नियमांनी थोडी गाठ मारली आहे. तरी ‘आमच्याकडेच जन्मलं’ असं सांगणाऱ्याचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासायला आईबापांच्या डीएनएची सक्ती नसेल, तर त्या नोंदवहीतली ओळ आणि जंगलात गोळी घातलेली आई यांत संबंध कसा जोडायचा? गोळीचं मी उगाच लिहीत नाही. आई जिवंत असेतो गिबनचं पिल्लू तिच्या पोटावरून सुटत नाही. पिल्लू हवं तर आई पाडावी लागते, आणि ती पडताना पुष्कळदा पिल्लूही मरतं. बॅगेत एक जिवंत दिसलं की त्यामागे न दिसलेले किती, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

आता आपल्या बाजूनं काय सांगितलं जाईल, ते मला ठाऊक आहे, आणि त्यातलं काही रास्तही आहे. परदेशी प्राण्याबरोबर परदेशी रोग येतात. आपल्या पशु संगरोध यंत्रणेचं ते कामच आहे की नको ते बाहेर ठेवावं. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सोनं ओळखायचं शिक्षण असतं, सियामंग ओळखायचं नसतं. महाराष्ट्रात बचाव केंद्रं आहेत, पण ती बिबट्यांनी भरलेली आहेत. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात जाऊन या म्हणजे कळेल. त्यांच्या माथी आणखी गिबन कुठे मारणार?

आणखी एक भीती आहे, आणि ती माझीही आहे. परत पाठवायचं नाही असं ठरलं, तर हे प्राणी इथेच कुणाच्या तरी संग्रहात जमा होतील. ‘बचाव’ अशी पाटी लावायची आणि आत तिकीट लावून दाखवायचं, किंवा तिकीट न लावता पाहुण्यांना दाखवायचं. मग तस्करीनं आणलेल्या प्राण्याला पकडले गेलो तरी गिऱ्हाईक आहेच, असा अर्थ होईल. म्हणून मला इथे ठेवणंही नको आहे. मला हवा आहे तो थांबा. प्राणी थांबेल, बरा होईल, त्याचा मुलूख शोधला जाईल, आणि मग त्याच्या मुलखातल्या केंद्राच्या हाती त्याला सोपवलं जाईल, असा थांबा.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. बँकॉकच्याच एका सफारी पार्कमध्ये ओरांगउटानांना मुष्टियुद्धाच्या खेळाला जुंपलं होतं. २००४ साली तिथे धाड पडली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ४८ ओरांगउटान इंडोनेशियाला परत गेले, बोर्निओतल्या न्यारू मेंतेंगच्या पुनर्वसन केंद्रात. त्याच सुमारास मलेशियातल्या ताइपिंग प्राणिसंग्रहालयात २००२ साली पोचलेले चार तस्करीचे गोरिला आधी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि २००७ साली कॅमेरूनमधल्या लिंबे इथे आपल्या मुलखात परतले. पाच वर्षं तीन देशांची टोलवाटोलवी चालली, तरी गेले. रुपेरी गिबनांचंच बघा. इंग्लंडातल्या केंटमध्ये जन्मलेले गिबन जावाला नेऊन तिथल्या जंगलात सोडले गेले आहेत. पश्चिम जावात बोदोगोल इथे २००३ पासून या गिबनांचं केंद्र आहे आणि तिथल्या जोड्या बांडुंगजवळच्या एका डोंगरावर गातात. त्या डोंगराचं नाव मलबार. आपल्या मलबार हिलवरच्या बंगल्यांत कुणी गिबन पाळला नसावा अशी आशा करूया. केंटहून जे जमतं ते मुंबईहून का जमू नये? जावा मुंबईला तुलनेनं जवळच.

सुमात्रा-बोर्निओत ‘कलावैत’सारख्या संस्था पंचवीस वर्षांहून जास्त काळ गिबन आणि सियामंग सांभाळत आहेत. कलावैत हा दायाक भाषेतला गिबनचाच शब्द. फुकेतला १९९२ पासून लार गिबनांचं पुनर्वसन चालू आहे, म्हणजे थायलंडमध्येही नीट हातात सोपवायचं ठरवलं तर हात आहेत. फक्त ‘बँकॉक विमानतळ’ हा पत्ता पुरेसा नाही.

आणि भारताला गिबन नवा नाही, हे तर मंत्रालयाला मी काय सांगावं! हुलॉक गिबन हा आपला एकमेव कपी. आसाममधल्या जोरहाटजवळच्या हुलोंगापारला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे. अरुणाचलात दिबांग खोऱ्यात शेतांमधल्या एकट्यादुकट्या झाडांवर अडकून पडलेली गिबन कुटुंबं वन विभागानं आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियानं एकेक करून धरली आणि मेहाओ अभयारण्यात नेऊन सोडली. काझीरंगाजवळचं वन्यजीव बचाव केंद्र २००२ पासून चालू आहे. मेघालयात गारो टेकड्यांमध्ये पाळीव म्हणून धरलेल्या हुलॉकांच्या जोड्या जमवायचं काम झालं आहे. म्हणजे गिबनला हात लावता येणारी माणसं या देशात आहेत. ती जोरहाटला आणि गारो टेकड्यांतल्या तुरा गावी आहेत, आणि बॅग उघडते मुंबईत, चेन्नईत, बंगळुरूत. या दोन टोकांना जोडणारा एक फोन नंबर आजही माझ्याकडे नाही. त्या रात्री मी सुमात्रातल्या माझ्या जुन्या वरिष्ठांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून दुधाचं प्रमाण ठरवलं होतं.

मागण्या साध्या आहेत.

जप्त झालेला कुठलाही कपी, मग तो गिबन असो वा ओरांगउटान, आल्या विमानानं परत पाठवायची पद्धत आजपासून बंद करावी. पाठवायचं की नाही, कुठे आणि कुणाच्या हाती, हा निर्णय पशुवैद्य आणि त्या जातीचा जाणकार यांच्या लेखी मताशिवाय घेऊ नये.

मुंबई, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली, कोलकाता या विमानतळांपासून तासाभराच्या आत संगरोधाची सोय करावी. मोठी इमारत नको. चार स्वच्छ खोल्या, दोन इन्क्युबेटर, वेगळा पाणीपुरवठा आणि चोवीस तास हजर असणारी दोन प्रशिक्षित माणसं पुरतील. नवी मुंबईचा विमानतळ आत्ताच सुरू झाला आहे. तिथे ही सोय पहिल्यापासूनच असावी, दहा वर्षांनी जागा शोधत बसायला नको.

प्रत्येक जप्त प्राण्याचा डीएनए नमुना घेतल्याखेरीज तो देशाबाहेर जाऊ नये. आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे. हे काम त्यांना अवघड नाही.

इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंड या तीन देशांशी कपींच्या परतीसाठी कायमचा लेखी करार करावा : कोणत्या जातीचा प्राणी कोणत्या केंद्रात जाईल, खर्च कोण देईल, किती दिवसांत उत्तर येईल. दर वेळी नव्यानं पत्रव्यवहार करायचा म्हटलं तर तोवर पिल्लू मोठं होतं किंवा मरतं.

जे प्राणी परत जाऊच शकत नाहीत, त्यांना केवळ सरकारी देखरेखीखाली ठेवावं. प्रदर्शन नाही, पैदास नाही, मालकी कुणाचीही नाही.

घरी जन्मल्याचा दावा असलेल्या प्रत्येक कपीच्या आईबापांची डीएनए पडताळणी सक्तीची करावी. आणि प्रत्येक जप्त प्राण्याचं पुढे काय झालं, ते दर सहा महिन्यांनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकावं. जिवंत, मेला, पाठवला, पोचला. चार रकाने पुरेत.

या पत्राची एक प्रत माझ्या जुन्या माहिती अधिकार अर्जांसोबत टपालानंही पाठवत आहे. त्या अर्जांत जप्तीची तारीख आणि विमानाचा क्रमांक आहे. पिल्लू मादी होतं. उजव्या भुवईवर जुनी, भरत आलेली जखम होती. आज ती जिवंत असेल तर तिला कुठल्याही केंद्रातला माणूस त्यावरून ओळखू शकेल. तिच्या पेटीत निळ्या काठांचा पंचा होता.

माझा दवाखाना विमानतळापासून रात्रीच्या वेळी पाऊण तासावर आहे. इन्क्युबेटर चालू स्थितीत आहे, दूध-पावडर मुदतीतली आहे. नंबर आपल्या लोकांकडे आहेच. केव्हाही फोन करावा.

आपली,
ठाण्यातली एक पशुवैद्य